टपावरचं कॅरिअर स्वतः करून घेताय? आधी पाय ठरवा, मग बास्केट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की तुमची एर्टिगा आहे, टपाला रेल (म्हणजे कडेने पुढून मागे जाणारे दांडे) नाहीत, घरची सहा माणसं, त्यात सासू-सासरे, मेअखेरीला काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालीत. तिसरी सीट उघडली की डिकीत दोन बॅगा गेल्या की संपलं, म्हणून तंबू, स्लीपिंग बॅगा, खुर्च्या वर टाकायच्यात. डोंबिवलीतला फॅब्रिकेटर ५ फूट बाय ४ फुटाचं कॅरिअर, दीड इंची चौकोनी पाईप, खाली रबर लावलेले सहा पाय, असं करून देतो म्हणालाय, आणि तुम्हाला विचारायचंय की पाईप दीड इंची बरा की एक इंची, आणि लोखंड घ्यावं की ॲल्युमिनियम.

मुलुंडला माझं छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, शेड हे रोजचं काम, पण गेली अठरा-एक वर्षं डोंगरात फिरणाऱ्या लोकांच्या गाड्यांना कॅरिअरही करून देतो आणि मी स्वतःही तंबू घेऊन फिरतो. त्यावरून सरळ सांगतो, पाईप कुठला हा प्रश्न तिसऱ्या नंबरला येतो. पहिला प्रश्न हे कॅरिअर गाडीला कुठे आणि कसं धरणार, दुसरा ते स्वतःच किती वजन खाणार. तुमच्या फॅब्रिकेटरच्या चित्रात घोटाळा आहे तो या दोन ठिकाणी, पाईप तर उलट नको इतका दणकट आहे.

काही गोष्टी मी तुमची गाडी बघितल्याशिवाय नाही सांगू शकत, ते आधीच कबूल करतो. गाडी कुठल्या वर्षाची आहे, दरवाज्याच्या चौकटीची फट किती आहे, तुमच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती किलो चालतं म्हणून लिहिलंय, आणि सोसायटीत गाडी उघड्यावर लागते की स्टॅक पार्किंगमध्ये (गाड्या एकावर एक ठेवतात ते), या चारावर बरंच अवलंबून आहे. बाकीचं सगळ्या गाड्यांना सारखंच.

आता पायांचं. गाडीच्या टपाचा पत्रा मिलीमीटरभर सुद्धा जाड नसतो. तो पाऊस-ऊन अडवायला असतो, वजन घ्यायला नाही. वजन घेतात टपाच्या दोन्ही कडा, जिथे दरवाज्यांच्या चौकटी आणि मधले खांब वर येऊन मिळतात, तिथे आतून दोन-तीन थर पत्र्याचे एकत्र दाबून वेल्ड केलेले असतात. बोटाने टकटक करून बघा, मध्ये डब्यासारखा आवाज येतो आणि कडेला ठस्स येतो. तर कॅरिअरचं सगळं वजन त्या ठस्स आवाजाच्या जागीच उतरलं पाहिजे. मध्ये कुठेही रबर लावून पाय टेकवला, सहा टेकवले काय आणि दहा टेकवले काय, तो पत्र्यावरच टेकलाय. गाडी उभी असताना काही होत नाही. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा वरचं ४० किलो क्षणभर ८०-१०० किलोसारखं खाली बसतं आणि पत्रा वाकतो.

हे मला एकदा दुसऱ्याची गाडी खराब करून कळलं. २००९ ला एका ओळखीच्या माणसाला मी अगदी असंच, रबरी पायांचं आणि चारही बाजूंनी दरवाज्यातून पट्टा फिरवून आवळायचं कॅरिअर करून दिलं होतं. वेल्डिंग चांगलं, रंग चांगला, तो पण खूश. माळशेजला जाऊन दोन दिवसांनी परत आला तेव्हा टपावर चार वाट्या बसल्या होत्या, एकेका पायाखाली एक, आणि पावसाचं पाणी त्यात साचून राहात होतं. डेंटिंगवाल्याने आतलं अस्तर काढून पोचे वर काढले, पण पत्रा एकदा ताणला गेला की पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. त्याचा खर्च मी दिला, आणि त्यानंतर टपाच्या मधोमध पाय टेकणारं एकही कॅरिअर माझ्या वर्कशॉपमधून बाहेर गेलेलं नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

मग आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांवर ती कॅरिअरं इतकी वर्षं कशी टिकली, असं लोक मला नेहमी विचारतात. बोरीबंदरला उतरलेल्या माणसाच्या ट्रंका, वळकट्या, सगळं त्या टपावरून गेलंय. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तोवर कॅरिअर त्यांच्या डोक्यावर होतंच. पण नीट आठवून बघा, त्या कॅरिअरचे पाय टपावर नव्हतेच. जुन्या गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जायला पन्हळ असायची, मेकॅनिक लोक तिला गटर म्हणतात, त्या पन्हळीत पाय बसायचा आणि खालून पट्टीने आवळला जायचा. ओम्नीला ती होती, बोलेरोलाही आहे. अशी गाडी असेल तर पायासकट सगळं घरी किंवा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे करता येतं आणि काम सोपं आहे.

तुमच्या एर्टिगाला पन्हळ नाही. रेल पण नाहीत. रेलवरून एक सांगून ठेवतो, पुढे कोणी वाचेल त्याच्या कामाला येईल, की टपावर दिसणारे सगळे रेल वजनाचे नसतात, कित्येक निव्वळ शोभेचे, क्लिप आणि चिकटपट्टीवर बसवलेले असतात. हाताने धरून जोरात हलवा, आणि मॅन्युअलमध्ये त्या रेलवर वजन चालतं असं स्पष्ट लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसेल तर ते नाहीतच असं धरायचं.

तर एर्टिगासारख्या गाडीला एकच रीत राहते. दरवाजा उघडला की वर चौकटीच्या कडेला जी धार असते तिला पातळ हूक आतून अडकतो, त्याचा रबरी पाय टपाच्या कडेवर बसतो, आणि बोल्ट आवळला की हूक आणि पाय मिळून ती कड चिमटीत धरतात. अशा चार चिमट्या आणि त्यावर दोन आडवे बार. दिसायला साधं आहे, पण हा हूक मी स्वतः बनवून बघितलाय, दोन गाड्यांना, आणि आता बनवत नाही. कारण हुकाचा बाक त्या गाडीच्या चौकटीच्या बाकाशी तंतोतंत जुळावा लागतो, दोन मिलीमीटर इकडेतिकडे झालं की सगळा जोर एका कोपऱ्यावर येतो, रंग उडतो, तिथून गंज धरतो. शिवाय हूक जाड झाला तर दरवाज्याचं रबर नीट बसत नाही आणि पावसात पाणी आत येतं, पातळ झाला तर वाकतो. ज्यांनी त्या त्या मॉडेलची चौकट मोजून साचे काढलेत त्यांच्याइतकं अचूक आपलं हातकाम होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, चार पाय आणि दोन आडवे बार तुमच्या मॉडेलचे, तुमच्या सालाचे, तयार विकत घ्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसला ॲक्सेसरीजच्या दुकानांत फिरा, गाडी सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा, ‘युनिव्हर्सल आहे, सगळ्याला बसतं’ असं कोणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जा. आणि वरची बास्केट, म्हणजे सामान ठेवायची कठड्याची चौकट, स्वतः करून घ्या. पैसे वाचायचे ते बास्केटमध्येच वाचतात, आणि तुमच्या सामानाच्या मापाची बास्केट बाजारात मिळणार पण नाही. दोन बारांमधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं, ७० सेंटीमीटरच्या खाली मी जात नाही. फक्त पायाच्या जागा हुकावर ठरतात, आपल्या मनावर नाही.

आता वजन. मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाचा आकडा असतो, मी आजवर बघितलेल्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत तो ५० ते ७५ किलोच्या मध्ये होता. तुमचा तुम्ही बघा, आणि सापडेपर्यंत ५० च धरा. त्या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन पण येतं, हे लोक विसरतात. म्हणजे आता तुमच्या फॅब्रिकेटरचं चित्र मोजू. ५ बाय ४ ची चौकट म्हणजे घेर १८ फूट, वर कठडा तसाच म्हणजे ३६ फूट, मध्ये सहा आडव्या पट्ट्या ४ फुटी म्हणजे २४, आणि उभे तुकडे मिळून ५ फूट. झाले ६५ फूट, साधारण २० मीटर. दीड इंची पाईप दोन मिलीमीटर जाडीचा घेतला तर मीटरला सव्वादोन किलो. २० मीटरचे ४५ किलो! पाय वेगळे, जाळी टाकली तर ती वेगळी. म्हणजे एकही तंबू चढायच्या आधी तुमचं ५० किलोचं खातं जवळजवळ संपलं. फॅब्रिकेटर वाईट माणूस नाही, तो गेट बनवतो, आणि गेटला जड असणं हा गुण आहे. इथे तो दोष आहे.

मी करतो ती बास्केट अशी. माप १.२ मीटर बाय १ मीटर. खालची चौकट एक इंची, १६ गेज म्हणजे १.६ मिलीमीटरचा पाईप, ४.४ मीटर लागतो, मीटरला पावणेबारशे ग्रॅम धरा, साधारण सव्वापाच किलो. बाकीचं, म्हणजे वरचा कठडा, चार आडव्या पट्ट्या आणि छोटे उभे तुकडे मिळून ९ मीटरच्या आसपास, पाऊण इंची १८ गेजमध्ये, म्हणजे अजून पातळ पाईपात, मीटरला ७०० ग्रॅम, म्हणजे साडेसहा किलो. एकूण बारा किलोच्या आत. तयार पाय आणि बार सहा-एक किलो. सगळं मिळून १८. मग ५० पैकी ३२ किलो सामानाला मिळाले.

३२ किलोत काय येतं? घरातल्या वजनकाट्यावर खरंच मोजा, मी पण दर वेळी मोजतो. चार माणसांचा साधा तंबू पाच ते आठ किलोचा असतो, असे दोन म्हणजे १२-१३ धरा. सहा स्लीपिंग बॅगा दीड किलोच्या, ९. मॅट सहा मिळून ३. झाले २५. फोल्डिंग खुर्ची एक तीन किलोची, तर दोन खुर्च्या जातील, सासू-सासऱ्यांच्या, बाकीच्यांनी मॅटवर बसायचं. हलकं आणि फुगीर सामान वर, जड आणि लहान सामान खाली, हा एकच नियम ठेवायचा. पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे २० किलो, तो कधीही वर नाही. तांदूळ-डाळ, भांडी, बॅटरी सगळं खाली, पायाशी. आणि गॅसचा छोटा सिलेंडर टपावर उन्हात आडवा बांधून नेलेला मी कसाऱ्याला बघितलाय, असं कृपा करून करू नका. शेगडीच न्यायची असेल तर बघा, नाहीतर भंडारदऱ्याला तंबूवाले आणि घरगुती जेवणवाले आहेत, पिठलं-भाकरी गरम मिळते, सिलेंडर घरीच राहू दे.

अजून एक, टपाचा आकडा पाळला तरी गाडीच्या एकूण वजनाचाही आकडा असतो. सहा माणसं बसली की त्यातला मोठा भाग गेलेलाच आहे. कॅरिअर लागलं म्हणून जास्तीचं सामान घेऊ नका, जे घेणारच होतात त्याची फक्त जागा बदला. टायरची हवा दरवाज्याच्या स्टिकरवर पूर्ण वजनासाठी लिहिलेली असेल तेवढी भरा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर पाय तयार आणि कडेला धरणारे, बास्केट हलकी आणि छोटी, आणि वर फक्त फुगीर सामान. आता तुमचा मूळ प्रश्न, लोखंड की ॲल्युमिनियम.

ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणा पण एक तृतीयांशच. म्हणजे त्याच मापाचा पाईप घेतला तर तिप्पट वाकतो, मग माप वाढवावं लागतं आणि वजनातला फायदा बराचसा जातो. त्याहून मोठी अडचण वेल्डिंगची. बाजारात मिळतो तो सेक्शन, म्हणजे ॲल्युमिनियमचा तयार पाईप, उष्णतेने कडक केलेला असतो, वेल्ड मारला की सांध्याच्या आजूबाजूची ती कडकी उतरते आणि पाईप नेमका तिथेच मऊ पडतो. खिडकीला चालतं ते, पण टपावर रोज थरथरणाऱ्या वस्तूला नाही. ॲल्युमिनियमच हवं असेल तर वेल्ड न करता कोपऱ्यात ब्रॅकेट टाकून नट-बोल्टने जोडा, कुंभारवाड्यात सेक्शन मिळतात, नागदेवीला बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे थरथरीने सैल न होणारे. फक्त स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर हवा, कारण आपल्या खाऱ्या हवेत हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. वर्सोवा-दादरकडे राहणाऱ्यांना तर हे एका पावसाळ्यात दिसतं. हीच काळजी तुमच्या तयार बारावर लोखंडी बास्केट बसवताना पण घ्या, मध्ये रबराची पट्टी टाका, बार बहुतेक ॲल्युमिनियमचाच असेल.

पहिल्यांदा करताय तर साधं लोखंड घ्या असं मी म्हणेन. चुकलं तर कापून परत जोडता येतं, आणि भंडारदऱ्याच्या रस्त्यात एखादा सांधा सुटलाच तर घोटीला, शेंडीला कुठलाही वेल्डिंगवाला पाच मिनिटांत टाका मारून देतो, ॲल्युमिनियमला तो हात लावणार नाही.

वेल्डिंगबद्दल फॅब्रिकेटरला दोन-तीन गोष्टी ठासून सांगा. इतक्या पातळ पाईपला जमलं तर मिग वेल्डिंग, नाहीतर अडीच मिलीमीटरची वेल्डिंगची काडी कमी करंटवर, नाहीतर पाईपला भोक पडतं आणि मग तो भोक बुजवत ढीग लावत बसतो. चारही कोपरे आधी फक्त टॅक मारून, म्हणजे छोटे तात्पुरते टाके घालून, दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तरच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे, मगच पूर्ण वेल्ड. वेल्ड घासून गुळगुळीत करायच्या नादात पातळ करू नका म्हणावं, लोकांना दिसायला सुंदर हवं असतं आणि ताकद ग्राइंडरखाली जाते. माझा अनुभव असा की कॅरिअर तुटतं ते वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या अगदी शेजारी, जिथे कठड्याचा उभा तुकडा खालच्या चौकटीला मिळतो. महिनोन्महिने थरथर होऊन तिथे केसासारखी चीर जाते. म्हणून त्या प्रत्येक जागी आत एक छोटा त्रिकोणी पत्र्याचा तुकडा टाका, वजन नगण्य वाढतं, आयुष्य कितीतरी वाढतं.

वेल्डिंग आणि कटिंग गाडीजवळ अजिबात करू देऊ नका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, त्या कधीच निघत नाहीत, आणि बॉनेटवर पडलेला लोखंडाचा भुगा पहिल्या पावसात गंजून ठिपके पडतात. माप घ्यायला पुठ्ठ्याचा फर्मा करा, टपावर ठेवून बारांच्या जागा आणि टपाचा बाक पेन्सिलने उतरवा, तो फर्मा घेऊन वर्कशॉपमध्ये जा. आणि फर्मा वर असतानाच डिकी पूर्ण उघडून बघा! बास्केट दोन इंच मागे आली म्हणून डिकीचा दरवाजा अर्धवटच उघडतो, हे करून झाल्यावर कळलेले लोक माझ्याकडे बास्केट कापायला आलेत. टपावर अँटेना असेल तर तिलाही जागा सोडा.

गंजाचं. पाईपाची तोंडं वेल्डने किंवा टोपीने बंद केली तरी पाणी कुठून ना कुठून आत जातंच, मग ते बाहेर कुठून येणार? खालच्या बाजूला दर हातभर अंतरावर पाच-सहा मिलीमीटरचं भोक पाडा. वेल्डचा कचरा तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, झिंकचा प्रायमर, मग रंग किंवा पावडर कोटिंग. गंजावर पावडर कोटिंग केलं तर वरून वर्षभर छान दिसतं आणि आतून सोलत जातं.

उंचीकडे मुंबईत विशेष लक्ष द्या. एर्टिगा स्वतः १६९ सेंटीमीटर उंच आहे, त्यावर पाय आणि बार दहा-एक, बास्केट बारा-पंधरा, म्हणजे रिकामी असतानाच १९० च्या पुढे. सामान बांधलं की सहज सव्वादोन मीटर. मॉलच्या, हॉस्पिटलच्या बेसमेंटला कितीतरी ठिकाणी २.१ मीटरची पाटी असते. सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये तर कॅरिअर लावून गाडी चढवायचीच नाही, वरची ट्रे खाली येते तेव्हा काय होईल ते मला बोलून दाखवायची पण इच्छा नाही. एकूण उंची मोजून कागदावर मोठ्या आकड्यात लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा, घरातलं दुसरं कोणी गाडी काढतं तेव्हा त्याला टपावर काय आहे ते लक्षात नसतं. गल्लीतल्या लोंबत्या केबल आणि झाडाच्या फांद्या पण आहेतच.

वाऱ्याला लोक सगळ्यात कमी घाबरतात आणि तिथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते. समोरून मीटरभर रुंद आणि एक फूट उंच असं सामान असेल तर ८० च्या वेगाला वारा त्याला साधारण ९ किलोच्या जोराने मागे ढकलतो, १०० ला १४, १२० ला २०. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. तुम्ही भिवंडीजवळच्या आमण्यावरून समृद्धी महामार्गाने इगतपुरीला जाल, तिथे सपाट भागात कारला १२० ची मुभा आहे, पण टपावर सामान असताना ८० च्या वर जाऊ नका. अटल सेतूवर, सी लिंकवर बाजूचा वारा असतो तो याहून वेगळा, गाडी लेनमधून हलकेच सरकते, तिथे अजून कमी. आणि घाटात वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलणार, उंचावर वजन आहे, घाबरायचं नाही पण वळणाच्या आधीच वेग कमी करायचा.

जोरात ब्रेक मारला तर वरचे ३२ किलो साधारण २५ किलोच्या जोराने पुढे जायला बघतात. म्हणून पट्टे नुसते आडवे टाकून भागत नाही, निदान दोन पुढून मागे पाहिजेत. रॅचेटवाले, म्हणजे खटक्याच्या दांडीने आवळायचे पट्टे घ्या, एक इंची पुरतात. हूकवाल्या इलास्टिकच्या दोऱ्या फक्त ताडपत्री आवरायला, वजन धरायला नाहीत, त्या ताणल्या जातात हेच त्यांचं काम. पट्टा एकदा पीळ देऊन लावला तर वाऱ्यात गुणगुणत नाही. ताडपत्री सैल असेल तर तासाभरात स्वतःला फाडून घेते, त्यापेक्षा सगळं सामान दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून मग बॅगेत भरा, मेअखेरीला इगतपुरीच्या पुढे वळवाची सर कधीही येते आणि ओल्या स्लीपिंग बॅगेत सासऱ्यांना झोपवायचं म्हणजे ट्रिपच संपली.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, म्हणून टपाला भोक पाडून किंवा वेल्ड करून कायमचं काही बसवू नका, पान्याने काढता येईल असंच हवं, आणि ट्रिप झाली की काढूनच ठेवा. पेट्रोलही वाचतं, घरच्या दोघांनी धरलं तर बारा किलोची बास्केट सहज उतरते. सामान गाडीच्या बाजूने, पुढून-मागून बाहेर आलं किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आहे. विमा कंपनीला एक मेल टाकून ठेवा, आणि शंका असेल तर आरटीओत विचारून घ्या, कारण रस्त्यावरचा अधिकारी काय म्हणेल ते मी इथून नाही सांगू शकत.

निघायच्या आठवडाभर आधी सगळं बसवा, आदल्या रात्री नाही. बास्केट धरून जोरात हलवा, अख्खी गाडी डोलली पाहिजे, एकटी बास्केट हलली तर कुठलातरी बोल्ट सैल आहे. मग तांदळाच्या किंवा वाळूच्या पिशव्या टाकून ३२ किलो करा, आवळून बांधा, मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नसताना ३० च्या वेगाने जाऊन जोरात ब्रेक मारा, दोन-तीनदा. खाली उतरून बघा पाय सरकले का, त्यासाठी पायाच्या कडेला आधी मास्किंग टेप लावून ठेवा म्हणजे केसभर सरकलं तरी दिसतं. दरवाजे उघडझाप करा, नळीने पाणी मारून आत येतं का बघा. आणि ट्रिपच्या दिवशी पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट आणि पट्टे परत आवळा, नवीन रबर पहिल्या तासात बसतं आणि सैल पडतंच. समृद्धीवर मध्येच थांबता येणार नाही, तेव्हा इगतपुरीला उतरलात की चहा घ्याल तिथेच पाना काढा.

तुमच्या मॅन्युअलमधला टपाचा आकडा, आणि पुढचा-मागचा दरवाजा उघडून चौकटीच्या वरच्या धारेचा जवळून काढलेला एकेक फोटो इथे टाका. आकडा ५० च्या वर असेल तर बास्केट १.३ मीटरपर्यंत नेता येईल का ते बघून सांगतो, आणि फॅब्रिकेटरला द्यायला कागदावर मापं काढून देतो.